नळ सोडून बघायचा नसतो

नारळ फुटला नाही, पायरी वाकली.

आमच्या नव्या कोऱ्या फिरत्या घराची सुरुवात ही अशी झाली. चाकणच्या बाजूला, मोठ्या रस्त्यापासून बरंच आत, एका पत्र्याच्या शेडमध्ये ते तयार झालं होतं. गाडीच्या मागे जोडून ओढायचं, दोन चाकांवरचं, बाहेरून पांढरंशुभ्र. आत दोन पलंग, छोटासा ओटा, आणि एका कोपऱ्यात दार लावून घेता येईल असा संडास. ते घरी न्यायला आम्ही तिघं गेलो होतो, आईबाबा आणि मी. शेडच्या मालकांनी बाबांच्या हातात नारळ दिला. बाबा संकोचून म्हणाले, "आम्ही नारळ फोडत नाही हो. घरी गेल्यावर वंदना घेऊ, खीर करू."

"अहो काका, तुम्ही नका फोडू," मालक म्हणाले. "आमची आपली पद्धत आहे. आमच्या शेडमधून गाडी नारळाशिवाय बाहेर पडत नाही."

त्यांनी बाबांच्या हातातला नारळ परत घेतला, हात डोक्यावर नेला आणि दारासमोरच्या लोखंडी पायरीवर आपटला. नारळ टणकन उडाला आणि अख्खाच्या अख्खा टायरखाली गेला. पायरी मात्र एका बाजूला कलली आणि तशीच राहिली.

वेल्डिंग करणारा माणूस थांबला. मग आई हसली. तोंडावर हात धरून, खांदे हलवत हसली. ऑपरेशननंतर आईला असं हसताना मी पहिल्यांदाच पाहत होते, म्हणून मी तोंड बंद ठेवलं. नाहीतर मी गप्प बसणाऱ्यातली नाही.

"सेट होईल," मालक पायरीकडे बघत म्हणाले.

माझा धंदाच चुका शोधायचा आहे. हिंजवडीतल्या एका कंपनीत मी सॉफ्टवेअर तपासते. दुसऱ्याने खपून केलेलं काम मोडून दाखवायचं आणि त्याचा पगार घ्यायचा. हा स्वभाव मी ऑफिसात ठेवून घरी येऊ शकत नाही. हॉटेलात गेले तर टेबल डगमगतंय का ते आधी बघते. त्यामुळे बाबा आत एक चक्कर मारून, चप्पल बाहेर काढून, मालकांना "छान झालंय हं, फारच छान" असं म्हणत परत आले तेव्हा मी आत शिरायला निघाले होते. प्रत्येक नळ, प्रत्येक खण, प्रत्येक बटण बघायचं होतं. बाबांनी माझं कोपर धरलं.

"असू दे," ते हळूच म्हणाले. "घर बघायला आल्यावर नळ सोडून बघायचा नसतो. माणसांना राग येतो."

मला वाटलं, दुपारी भोसरीला ट्रॅफिक लागेल म्हणून त्यांची घाई चालली आहे. मी गाडी सुरू केली.

हे घर आम्ही हौसेसाठी घेतलं नव्हतं. आईच्या आतड्याचं ऑपरेशन झालं आणि तिच्या पोटावर कायमची एक पिशवी आली. शरीरातली घाण त्या पिशवीत जमते, आणि ती दिवसातून काही वेळा रिकामी करावी लागते, धुवावी लागते. त्यासाठी स्वच्छ संडास हवा, वाहतं पाणी हवं, उभं राहायला जागा हवी, आणि बाहेरून कोणी कडी वाजवणारं नको. आता असा संडास पुण्याबाहेर रस्त्यावर कुठे मिळतो ते कोणाही बाईला विचारा. आईने प्रवास सोडला. मग नातेवाइकांकडे जाणं सोडलं. मग विहारातसुद्धा शेवटच्या रांगेत, दाराजवळ बसायला लागली आणि अर्ध्यातून उठून यायला लागली. जी बाई शाळेत शिकवत असताना वर्गाच्या वर्ग सहलीला घेऊन जायची, ती आता फ्लॅटच्या दोन खोल्यांत फिरत होती.

तिला सांचीला जायचं होतं. तो स्तूप तिने पोरांना पुस्तकातल्या चित्रावरून इतकी वर्षं शिकवला, आणि स्वतः कधी पाहिला नव्हता. आधी माझी शाळा, मग बाबांच्या बदल्या, मग घराचे हप्ते, मग आजार. डॉक्टर म्हणाले होते, जायला हरकत नाही, खुशाल जा. पण डिसेंबरात पुढची मोठी तपासणी होती. ती करून घेताना डॉक्टरांचा चेहरा कसा असेल हे कोणालाच माहीत नव्हतं, आणि त्याबद्दल घरात कोणी बोलत नव्हतं. जायचं तर डिसेंबरच्या आधी, एवढंच ठरलं होतं. म्हणून बाबांनी निवृत्तीचे पैसे मोडून हे घर बांधून घेतलं होतं. ते त्याला फिरतं घर म्हणायचे. आई सुरुवातीपासून डबा म्हणायची.

डबा विश्रांतवाडीला आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये आला, आणि संध्याकाळपर्यंत सोसायटीच्या ग्रुपवर एका गृहस्थांनी विचारलं, "पार्किंगमध्ये नवीन फ्लॅट बांधायला परवानगी कोणी दिली? उरलेल्यांनी बुकिंग कुठे करावं?" मी उत्तर टाइप करत होते. बाबांनी फोन काढून घेतला आणि त्या गृहस्थांच्या घरी वाटीभर खीर पाठवली.

गणपती गेल्यावर, रस्ते मोकळे झाल्यावर, आम्ही पहिल्यांदा बाहेर पडलो. फार लांब नाही. बाबांच्या ऑफिसातल्या एका जुन्या मित्राचं मुळशीकडे शेत आहे, तिथे एक दिवस राहायचं आणि परत यायचं. पिरंगुटच्या आधीच मागून धडाधड आवाज यायला लागले. गाडी बाजूला घेऊन बघितलं तर ओट्याखालचे सगळे खण उघडे, ताटं-वाट्या जमिनीवर, आणि एका कपाटाचं दार बिजागरीसकट आईच्या पलंगावर येऊन पडलेलं. बिजागरीचे स्क्रू माझ्या बोटाच्या पेराएवढेसुद्धा नव्हते. ज्या फळीत ते पिळले होते ती फळी म्हणजे दाबलेला भुसा होता, वर लाकडाच्या नक्षीचा कागद. बडा घर पोकळ वासा म्हणतात ते मी तोपर्यंत फक्त निबंधात लिहिलं होतं.

"नवीन आहे," बाबा म्हणाले. "जरा आवाज करणारच."

शेतावर पोचलो. मित्र आणि त्यांची पत्नी यांनी अंगणात खुर्च्या मांडल्या होत्या, भुईमुगाच्या शेंगा उकडल्या होत्या. आई सगळ्यांना सांगत होती की आता मी कुठेही जाऊ शकते, माझं सगळं माझ्याबरोबर आहे. ती डब्यात गेली, दार लावून घेतलं. आम्ही शेंगा सोलत होतो. मग मित्रांच्या पत्नीने खाली बघितलं आणि पाय वर घेतले. डब्याच्या खालून, दाराच्या पायरीवरून, आमच्या खुर्च्यांच्या दिशेने पाणी येत होतं. ते नुसतं पाणी नव्हतं. वासानेच कळलं.

आईने दार उघडलं तेव्हा ती पायरीवर उभी होती आणि तिच्या पायाखालून ते वाहत होतं. तिने सगळ्यांकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मी धावत गेले, मित्रांच्या पत्नीने बादली आणली. त्या खरंच चांगल्या होत्या, म्हणाल्या, "अहो असू दे हो ताई, त्यात काय." पण आई आत गेली आणि पलंगावर भिंतीकडे तोंड करून बसली. आम्ही फरशी धुतली, अंगण धुतलं. एवढं होऊनही ती रडली नाही, आणि तेच मला सहन होत नव्हतं.

"मला घरी न्या," ती म्हणाली. परतीच्या वाटेवर गाडीत ती फक्त एकदा बोलली. "विकून टाका तो डबा. मला नको सांची."

मी त्या रात्री झोपले की नाही आठवत नाही. सकाळी मालकांना फोन केला. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मॅडम, गाडी घेऊन या, होऊन जाईल." पुढचा महिनाभर मी हे वाक्य ऐकत राहिले. मी सुट्टी टाकून डबा शेडला नेऊन सोडायचे. ते बोलावतील तेव्हा आणायला जायचे. घरी आणून बघायचं तर एक दुरुस्त झालेलं आणि दुसरं बिघडलेलं. खणांना कड्या लावल्या, त्या कड्या लावताना भिंतीतली वायर तोडली. वायर जोडली, तर पाण्याचा पंप बंद. पंप म्हणे आता शेडमध्ये शिल्लक नाही, मागवावा लागेल. मी बुधवार पेठेत जाऊन, गल्ल्या पालथ्या घालून, तसाच पंप आणून त्यांच्या हातात ठेवला. दुकानदाराने पैसे घेताना विचारलं होतं, "जुना कुठे आहे?" मी म्हटलं, "जुना नाही, नवाच जळालाय." तो म्हणाला, "नव्याचे नऊ दिवस म्हणतात, तुमचा तेवढासुद्धा टिकला नाही."

आणि सिलिकॉन. बंदुकीसारख्या नळीतून पिळून काढायचा तो पांढरा चिकट लेप शेडवाल्यांचा सगळ्या रोगांवरचा उपाय होता. खिडकी गळते? सिलिकॉन. दार वाजतं? सिलिकॉन. संडासाचा पाइप? "मॅडम, डबल सिलिकॉन मारलंय." डब्यात शिरलं की नव्या घराचा वास यायच्या ऐवजी व्हिनेगर सांडल्यासारखा वास यायचा. मी घरी आले की माझ्या कपड्यांनाही तोच वास असायचा, आणि आई काही न बोलता कपडे वेगळे धुवायला टाकायची.

दिवाळी जवळ आली. मी सतत कॅलेंडर बघत होते. ऑफिसात मिटिंगमध्ये बसले की टेबलाखाली पाय हलवायचे. शेजारचा एकदा म्हणाला, तुझ्यामुळे माझा चहा सांडतोय. घरी आल्यावर आई टीव्ही बघत असायची, आणि मला तिच्या शेजारी बसवत नव्हतं. मी ओटा पुसायचे, पुसलेला परत पुसायचे. मला आईचा राग यायचा, की तिने इतक्या लवकर आशा सोडली. मग त्या रागाचा राग यायचा.

एका शनिवारी मी आणि बाबा शेडला गेलो. मालक म्हणाले, "काका, अजून थोडा वेळ लागेल. दिवाळीत माणसं गावाला जातात."

बाबा म्हणाले, "सावकाश करा. काही घाई नाही."

मी गाडीत येईपर्यंत दम धरला. भोसरीच्या सिग्नलला तो संपला.

"काही घाई नाही? बाबा, घाई आहे. डिसेंबर जवळ आलाय. त्या माणसाने आपल्याला सडकं घर विकलं आणि तुम्ही त्याला सावकाश करा म्हणता? आभार मानायचे राहिले का?"

सिग्नल सुटला, गाड्या हलल्या नाहीत, परत लाल झाला.

"मी पुण्याला नोकरीला आलो ना," ते म्हणाले, "तेव्हा खोल्या बघत फिरायचो. नारायण पेठेत एक खोली होती. उजेड चांगला, भाडं परवडणारं. मी आत गेलो, मोरीतला नळ सोडून बघितला. पाणी येतंय का, एवढंच. मालक दारात उभे होते. म्हणाले, नळ नंतर सोडा, आधी आडनाव सांगा."

"मग?"

"सांगितलं. मग त्यांना आठवलं की खोली कालच दुसऱ्या कोणाला तरी दिली होती."

मागचे हॉर्न वाजवायला लागले. मी गाडी पुढे काढली.

"त्यानंतर मी कुठल्याच खोलीत नळ सोडून बघितला नाही," बाबा म्हणाले. "विश्रांतवाडीला जी खोली मिळाली, तिथे नळाला पाणी येत नाही हे राहायला गेल्यावर कळलं. तुझी आई दोन गल्ल्या ओलांडून पाणी आणायची. पण मी नळ सोडला नाही म्हणून खोली मिळाली, असं मला अजून वाटतं बघ."

"बाबा, तुम्ही भाडेकरू नाही आहात," मी ओरडले. मला ओरडायचं नव्हतं. "ते आपलं घर आहे. विकत घेतलंय आपण."

"माहीत आहे गं मला," ते म्हणाले. "मला माहीत आहे."

मला रडू येत होतं आणि गियर बदलायला लागत होते. ज्या दिवशी डबा ताब्यात घेतला त्या दिवशी मी नळ सोडला असता, एकच नळ, तर आईला त्या अंगणात उभं राहावं लागलं नसतं. बाबांवर रागवावं असं मला वाटत होतं आणि रागावता येत नव्हतं. त्या नारायण पेठेतल्या माणसावर रागवावं तर तो कुठे असेल कोण जाणे.

संध्याकाळी आई पोळ्या लाटत होती. मी ओट्याला टेकून तिला सगळं सांगितलं, नळाचं, आडनावाचं, सावकाश करा म्हणालेलं. तिचं लाटणं थांबलं नाही. "मला माहीत आहे ती खोली," ती म्हणाली. "लग्नानंतर मला रस्त्यावरून दाखवली होती त्यांनी. बघ, म्हणाले, किती उजेड येतो." तिने पोळी तव्यावर टाकली, उलटली, फुगवली. मग म्हणाली, "सोमवारी काढ सुट्टी. मी येते शेडवर."

"तू कशाला? तुला त्रास होईल."

"डबा माझ्यासाठी घेतलाय ना? मग मीच बघते."

सोमवारी ती निघाली तेव्हा तिच्या पर्समध्ये हळदीची पुडी होती. मी विचारलं, ती काय करायची? "लागेल," म्हणाली.

शेडमध्ये मालकांनी तिच्यासाठी खुर्ची आणली, पंखा लावला. "काकू, आता एकदम ओके आहे. डबल सिलिकॉन मारलंय."

"मारलंत ना? मग बघू," आई म्हणाली. "एक बादली पाणी द्या."

तिने अर्धी पुडी बादलीत ओतली, हाताने ढवळलं. पाणी पिवळंधमक झालं. मग वाकड्या पायरीवरून बाबांचा हात धरून ती आत चढली आणि बादली संडासात रिकामी केली. आम्ही सगळे तिच्यामागोमाग आत जाऊन खाली वाकून बसलो. मालक, वेल्डिंगवाला, मी, बाबा. पाइपाला जिथे पांढरा लेप थापला होता तिथे थेंबही आला नाही. मालक सरळ उभे राहायला लागले. तेवढ्यात वेल्डिंगवाला म्हणाला, "शेठ, इकडं."

पलंगाखालच्या कोपऱ्यातून, जिथे कोणी कधी बघितलंच नव्हतं, फरशीवर एक पिवळा ओघळ पुढे सरकत होता.

फरशीचा तुकडा उचकटला तेव्हा कळलं. खाली घाणीची टाकी होती आणि तिच्यात जाणारा पाइप तोकडा पडला होता. जोड घालायच्या ऐवजी कोणीतरी तो तसाच टाकीच्या तोंडात खुपसला होता आणि बाजूने सिलिकॉन भरलं होतं. जागच्या जागी उभं असतानासुद्धा तो गळत होता.

"होतं असं काकू, रस्त्याचे धक्के बसून..."

"रस्ता कुठे आला?" आई म्हणाली. "महिनाभर तर तुमच्याच शेडमध्ये उभा आहे की डबा."

मालक हसायला लागले आणि मध्येच थांबले, कारण आई हसत नव्हती. ती खाली उतरून खुर्चीवर बसली, दोन्ही हात मांडीवर ठेवले, वर्गात बसायची तशी.

"ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं," ती म्हणाली. "माझ्या पोटाला पिशवी आहे. मला दिवसातून चार-पाच वेळा संडासाला जावं लागतं आणि ती धुवावी लागते. मागच्या वेळी हा तुमचा पाइप लोकांच्या अंगणात सुटला. मी तिथे उभी होते. मला सांचीला जायचंय, आणि माझ्याकडे तुमच्याइतका वेळ नाही. आता मला सांगा, तुम्ही हे आज करणार, का मी दुसरीकडे जाऊ?"

ही गोष्ट तिने स्वतःच्या बहिणीलाही सांगितली नव्हती. शेडमधली सगळी माणसं ऐकत होती. मी तिच्याकडे बघूही शकत नव्हते.

मालकांनी मान खाली घातली. मग त्यांनी हातातलं घड्याळ काढून खिशात टाकलं. "बसा काकू," ते म्हणाले. "आज होईल. तुमच्यासमोर."

आणि तेव्हा आतून पाण्याचा आवाज आला. बाबा आमच्याजवळ नव्हते. मी पायरीवर चढून बघितलं. बाबा ओट्यापाशी उभे होते आणि त्यांनी नळ सोडला होता. पूर्ण सोडला होता. नळाच्या मुळातून पाण्याची चिळकांडी उडून त्यांचा शर्ट भिजत होता, आणि ते बाजूला होत नव्हते.

"हापण गळतोय!" बाबा ओरडले. इतकं मोठ्याने ओरडलेलं मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. "अहो, इकडे या! हापण गळतोय!"

मग त्यांनी बेसिनचा सोडला. शॉवर सोडला. दिव्याची बटणं खाली-वर केली, खण ओढले, खिडक्या आपटल्या. दर वेळी आतून त्यांचा आवाज येत होता, हापण, हेपण, इकडेपण बघा. मालक आणि त्यांची माणसं मागोमाग धावत होती. माझ्यासाठी शोधायला काही उरलंच नाही. मी आईशेजारी बसून राहिले आणि आम्ही दोघी त्यांच्या आवाजावरून ते आता कुठे पोचलेत ते ओळखत होतो.

पाइप नवा टाकला. जोड पक्का बसला. आईने उरलेली हळद परत ओतून बघितली. पायरी बदलून जाड पट्टीची केली. सगळं आवरेपर्यंत सूर्य कलला होता. निघताना मालकांचा हात सवयीने नारळाकडे गेला. त्यांनी आईकडे बघितलं, आणि तो नारळ तिच्या हातात ठेवला. "घरी चटणी करा काकू," म्हणाले.

दिवाळी झाल्यावर आम्ही निघालो. सांची अजून फार लांब होतं. नाशिक रस्त्याला, सिन्नरच्या अलीकडे, पहिल्यांदा थांबलो. तोपर्यंत एक खण उघडला होता आणि पडद्याची दांडी माझ्या हातात आली होती. मला त्याचं काही वाटलं नाही. आई आत गेली, दार लावलं. मी बाहेर येरझाऱ्या घालत होते. ढाब्यावरच्या खुर्चीवर बसवेना, उभं राहवेना. मग ती हात पुसत बाहेर आली आणि म्हणाली, "चहा सांगा. साखर कमी." एवढंच.

आम्ही चहा पीत होतो तेव्हा एक जीप थांबली. माणसं भराभर उतरली. त्यांतली एक बाई एका म्हाताऱ्या बाईला धरून ढाब्याच्या मागे गेली आणि लगेच परत आली. मागचा संडास कुलूपबंद होता. म्हातारीचा चेहरा आवळला होता. आई त्यांच्याकडे बघत होती. मला कळलं ती काय करणार आहे. आपला संडास. आताच कुठे दुरुस्त झालेला. उद्या परवा परत फुटला तर? मी तिचा हात धरला. तिने तो सोडवून घेतला.

"आजी, इकडे या," आई म्हणाली. "आत सगळं आहे."

म्हातारी डब्यासमोर येऊन थांबली. पांढरं दार, स्वच्छ फरशी, ओट्यावरची छोटी बुद्धमूर्ती, सगळं तिने बघितलं. तिने चप्पल काढली. मग पायरीवर एक पाय ठेवून ती अडखळली.

"लई चकचकीत हाय," ती म्हणाली. "पानी वापरू का, वाईच? कुनाचं घर हाय ह्ये?"

आई काही बोलायच्या आत मागून आवाज आला. बाबा चहाचा ग्लास हातात घेऊन उभे राहिले होते.

"आमचं आहे," बाबा म्हणाले. "सोडा की नळ, आजी. पूर्ण सोडा. भरपूर पाणी आहे."

दार लागलं. आत पाणी वाहायला लागलं, बराच वेळ वाहत राहिलं. मी उठले, डब्याच्या मागच्या बाजूला गेले, गुडघे टेकून खाली वाकले आणि बघत राहिले. खालची जमीन कोरडी होती.